सासर लिहिलेली वायर

तारमास्तरांनी जन्मात कुणाला तार केली नव्हती. तार करायची सोय होती तेव्हा त्यांच्याकडे कळवण्यासारखं काही नव्हतं, आणि कळवण्यासारखं झालं तोवर तारखातंच बंद पडलं होतं. तरी चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना तारमास्तर म्हणत, कारण तिथल्या भिंतींतून, छतातून आणि फरशीखालून गेलेली एकूण एक तार त्यांनी ओढली होती. सव्वीस वर्षं. आधी विजेच्या, मग फोनच्या, मग नेटवर्कच्या करड्या वायरी. छताची फळी सरकवून ते वर डोकं घालत तेव्हा खाली फक्त शिडीवरचे पाय दिसत, आणि कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसाची त्यांच्याशी पहिली ओळख बहुधा पायांशीच होई.

पायांच्या वरचा माणूसही काही वाईट नव्हता. वेळेवर येणारा, कमी बोलणारा, पकड आणि पेचकस जागच्या जागी ठेवणारा. एकच दुखणं होतं, आणि तेही अलीकडचं. पोटातलं होतं, डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं.

त्यांना सुनेचा हेवा वाटत होता.

हेवा करायला माणूस परका लागतो, निदान शेजारी तरी. भावकी चालते. साडू तर देवाने त्यासाठीच घडवलेला असतो. पण सुनेचा हेवा करणारा सासरा कुठल्या म्हणीत सापडत नाही. तारमास्तरांनी मनातल्या मनात शोधून पाहिलं होतं. सासूला सगळी मुभा आहे, तिच्यासाठी ओव्याच्या ओव्या आहेत. सासऱ्याने मात्र ओटीवर बसून खाकरायचं, एवढंच काम लोकांनी त्याला नेमून दिलेलं.

सून दोन वर्षांपूर्वी घरात आली आणि वर्षभराने कारखान्यात. फोनवर बसायची. गावोगावच्या चष्म्याच्या दुकानांतून नंबर यायचे, ते तसे नेटवर्कवरून थेट यंत्रांपर्यंत पोचत. पण लाइन बंद पडली की दुकानदार फोन करत आणि सून कानाला फोन लावून लिहून घेई, उणे सव्वादोन, अधिक पाऊण, अक्ष नव्वद. तारमास्तरांची सून म्हणून सगळे तिला सूनबाई म्हणू लागले. मॅनेजरही म्हणू लागला. तीनशे माणसांच्या कारखान्याची ती एकटी सून.

मग तिने संध्याकाळचा कोर्स लावला, नेटवर्कचा, सहा महिन्यांचा. घरी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसायची. उजेड कमी पडतो म्हणून टेबलावर दिवा तारमास्तरांनीच बसवून दिला, स्वतः भिंत खोदून, वायर आतून घेऊन, कुठे टवका न उडवता. आणि मग त्या दिव्याखाली ती जे शिकत होती ते तारमास्तर पलीकडच्या खोलीत, पेपर तोंडापुढे धरून, कानांनी शिकत राहिले. ती मोठ्याने पाठ करी. राउटर म्हणजे चावडी. त्याला दोन तोंडं, एक आतल्या माणसांकडे, एक बाहेरच्या जगाकडे. या तोंडांना म्हणतात इंटरफेस. प्रत्येक तोंडाला पत्ता द्यायचा. पेपरचं पान तासभर उलटत नसे. बायको एकदा म्हणाली, "पाठ करताय की काय बातम्या?"

बारा वर्षांपूर्वी त्यांनी मॅनेजरला विचारलं होतं, "साहेब, त्या डब्यात काय भरतात ते मला दाखवायला सांगा ना कंपनीच्या माणसाला." मॅनेजर हसला होता. वाईट हसला नव्हता, प्रेमाने हसला होता, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं. "तुम्ही वायरी ओढा हो तारमास्तर. तुमच्यासारखी वायर कुणाला ओढता येते?" नंतर मुलाला म्हणाले, तर फिरतीवरून आलेला मुलगा बॅग न उतरवताच म्हणाला, "बाबा, या वयात?" तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते.

आणि आता जुना राउटर सारखा बंद पडू लागला, नवा आला, आणि मॅनेजरने सुनेला बोलावून सांगितलं की बाहेरच्या कंपनीचा माणूस दर वेळी आठवडा लावतो, तुम्ही कोर्स केलाय, तुम्हीच बसवा. मंगळवारी. मंगळवारी चालू झालं तर सूनबाई नेटवर्कवर कायम. नाही झालं तर पाच वाजता कंपनीला फोन, आणि सूनबाई परत नंबर लिहून घ्यायला.

हे बोलणं झालं तेव्हा तारमास्तर तिथेच शिडीवर होते. मॅनेजरने वर बघून विचारलं, "काय तारमास्तर, तुमची हरकत नाही ना?" छतातून उत्तर आलं नाही. मॅनेजरने ते होकारार्थी घेतलं. दोन दिवसांत कारखानाभर झालं की सासऱ्याने सुनेसाठी शब्द टाकला. पॉलिश विभागातला त्यांचा जुना दोस्त, सगळे त्याला पॉलिशवाला म्हणत, पाठीवर थाप मारून म्हणाला, "नशीब काढलंस गड्या. आमची सून टीव्हीचा रिमोट शोधते, तेवढंच तिचं नेटवर्क."

"हो ना," तारमास्तर म्हणाले. तोंड गोड करून कडू गोळी गिळावी तसं ते 'हो ना' होतं. दिवसाला अशी पाच-सहा गिळावी लागत.

सोमवारी संध्याकाळी बायकोने बजावलं, "उद्या तिच्याजवळ उभे राहा. पहिल्यांदाच करतेय बिचारी."

"राहीन उभा," तारमास्तर म्हणाले. आणि शब्दाला जागून मंगळवारी सकाळी आठला वायरींच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक लोखंडी कपाट, एक टेबल, एक खुर्ची, आणि छतातून उतरलेला वायरींचा झुबका. सुनेने जुना राउटर उतरवला तसं पलीकडच्या हॉलमधलं, आलेले नंबर चिठ्ठ्यांवर छापायचं यंत्र मुकं झालं आणि चार फोन एकदम वाजू लागले. दिवसभर ते वाजत राहिले. सुनेच्या जागेवर बसवलेली मुलगी ओरडत होती, "सव्वादोन की सव्वातीन? उणे की अधिक?" त्या दिवशी लिहिलेल्या आकड्यांपैकी काही चुकले असणारच; कुठेतरी कुणीतरी आजही बायकोला शेजारीण समजत असेल.

सून शांत होती. लॅपटॉपला निळी वायर जोडली, पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आधी तिने राउटरचं घड्याळ लावलं. मग एकेका तोंडाला पत्ता दिला. ओठ हलत होते. घरी पाठ करताना हलायचे तसेच. तारमास्तरांचेही हलत होते, हे सुदैवाने कुणी पाहिलं नाही.

पडद्यावर दोन्ही तोंडांपुढे 'बंद' असंच दिसत राहिलं.

"असं कसं," सून पुटपुटली. वही उघडली, दोन पानं उलटली आणि कपाळावर हात मारून हसली. "बाबा, गंमत बघा. पत्ता दिला तरी तोंड मुळात बंदच असतं. आणि त्याला 'उघड' म्हणून सांगायची सोयच नाही. 'नो शटडाऊन' म्हणावं लागतं. म्हणजे 'बंद राहू नकोस'."

"मग 'चालू हो' का नाही म्हणत?"

"तशी पद्धतच नाही त्यात."

तारमास्तरांना ही पद्धत नवी नव्हती. तीस वर्षं त्यांच्या घरात हीच भाषा चालत आली होती. बायको कधी 'चला' म्हणत नसे. 'यायचं नाही असं काही आहे का तुमचं' असं विचारी. पण आपल्या घरची गोष्ट यंत्रालाही कळते आणि ती सुनेच्या तोंडून आपल्याला समजते, हे त्यांना लागलं. आणि ती चूक तिने स्वतः तीन मिनिटांत शोधली, हे त्याहून लागलं. मनात कुठेतरी त्यांनी त्या चुकीवर अर्धा तास तरी धरला होता.

मग तिने छतातल्या झुबक्यातून दोन करड्या वायरी ओढून पुढे घेतल्या. दोन्ही जाडीला सारख्या, रंगाला सारख्या, एकाच नळीतून वर गेलेल्या. फरक एवढाच की टोकाला तारमास्तरांच्या हातच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. एकीवर लिहिलं होतं 'माहेर', दुसरीवर 'सासर'.

ही अक्षरं सतरा वर्षांपूर्वीची. पहिली लाइन आली तेव्हा कंपनीच्या माणसाने पट्ट्या लावल्या होत्या, 'इन' आणि 'आउट'. पण जे कंपनीला आउट ते कारखान्याला इन, आणि कुणाच्या इनमध्ये कुणाचं आउट यावर फोरमन आणि तो माणूस यांचं दोन दिवस भांडण चाललं. तारमास्तरांनी ऐकून घेतलं, मग त्या पट्ट्या सोलून काढल्या आणि कुणाच्या बापाला चुकता येणार नाही असे शब्द लिहिले. कारखाना म्हणजे लेकीचं माहेर, आतलं. जी वायर घर सोडून बाहेरच्या जगात निघून जाते, ती गेली सासरी. बापाच्या दृष्टीने याहून स्वच्छ काही असूच शकत नव्हतं. सतरा वर्षांत या पट्ट्या वाचून कोणी चुकलं नव्हतं. त्या वाचणारे तेवढे एकटेच होते, ही गोष्ट त्यांनी कधी हिशेबात धरली नव्हती.

सुनेने 'सासर' लिहिलेली वायर उचलली आणि आतल्या तोंडात खुपसली. टक्. मग 'माहेर' बाहेरच्या तोंडात. टक्.

तारमास्तरांना ते एका क्षणात दिसलं. कापडाला उलटी शिवण शिंप्याला दिसते तसं. त्यांनी तोंड उघडलं, 'अगं' हा शब्द ओठांपर्यंत आलाही होता, आणि नेमका त्याच वेळी दारातून मॅनेजर आत आला.

"वा, सूनबाई! दिवे लागले की!" खरंच दोन्ही तोंडांवरचे दिवे हिरवे झाले होते. मॅनेजर वाकून पाहू लागला आणि हाताने मागे सरकवत म्हणाला, "तारमास्तर, जरा बाजूला व्हा हो, उजेड अडतोय."

तारमास्तर बाजूला झाले. तोंड मिटलं. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

वायरीची गंमत अशी की तिला दुसऱ्या टोकाला काहीही मिळालं तरी दिवा हिरवाच लागतो. माणूस चुकीचा असला तरी हातात हात दिल्यासारखा. पण बोलणं व्हायला पत्ता जुळावा लागतो, आणि इथे आतल्या पत्त्याच्या तोंडाशी बाहेरचं जग आलं होतं, बाहेरच्या पत्त्याच्या तोंडाशी कारखाना. दोघंही आपापलं बोलत होती आणि ऐकत कुणीच नव्हतं. सुनेने राउटरला विचारलं, बाहेर कुणी आहे का? उत्तर नाही. आत कुणी आहे का? उत्तर नाही. दिवे मात्र हिरवेगार. असा अबोला तारमास्तरांच्या ओळखीचा होता; त्यात ताटं वेळेवर वाढली जातात.

दहा वाजता तिने सगळे पत्ते पुसले आणि पुन्हा लिहिले. अकराला पुन्हा. साडेअकराला कोर्सच्या सरांना फोन लावला. सर क्लासवर होते. बारा वाजता तिने एकेक आकडा बोटाने कागदावर पडताळला. तारमास्तर खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून जुन्या वायरींची गुंडाळी करत होते, ज्या गुंडाळीची कुणाला गरज नव्हती.

त्यांना बरं वाटत होतं. हे लिहायला बरं नाही, पण तेच खरं. सहा महिने पोटात जे काही वळवळत होतं ते आज पाय पसरून निवांत बसलं होतं. दिव्याखाली बसून पाठ केलं म्हणून काय झालं? वायर म्हणजे काय ते वहीत थोडंच लिहिलेलं असतं. 'सासर' इतकं ठळक लिहिलंय, आणि ही ते आत घालते. डोळे आहेत की गारगोट्या? कारखाना काचांचा, आणि सून आंधळी.

मधून मधून दुसरा विचार यायचा. ती कायम झाली नाही तर नुकसान घरचंच आहे. मुलगा फिरतीवर, तिच्या जीवावर दोघांनी वेगळी खोली बघायचं ठरवलंय. आपल्याच ताटात आपण माती कालवतोय. विचार यायचा, आणि त्यावर 'उजेड अडतोय' हे दोन शब्द येऊन बसायचे.

एक वाजता डबा उघडला. रोज दोघांचा एकच डबा असे. सून म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या बाबा, मला घास जायचा नाही."

हेव्याने भूक मरते म्हणतात. खोटं आहे. तारमास्तरांनी दोन्ही वाटे संपवले.

दोन वाजता सून वायरींपाशी गेली. दोन्ही पट्ट्या बोटांत धरून बघत राहिली. तारमास्तरांच्या हातातली गुंडाळी थांबली.

"बाबा, लेबलं बरोबर आहेत ना?"

"माझी लेबलं कधी चुकलीत?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि पट्ट्या सोडून परत खुर्चीवर बसली. "वायरीत चूक नसणारच, वायरी तुम्ही ओढल्यात. माझंच काहीतरी चुकतंय."

यात तारमास्तर खोटं एक अक्षर बोलले नव्हते. पुढे तासभर त्यांनी स्वतःला हे निरनिराळ्या शब्दांत समजावलं. लेबल बरोबर आहे का, विचारलं; बरोबर आहे, सांगितलं. वायर बरोबर लावलीय का, असं तिने कुठे विचारलं? वकिलाने फी घेऊन मांडावी इतकी चोख बाजू होती. फक्त तिचं ते 'वायरी तुम्ही ओढल्यात' काही केल्या कानातून निघेना. सव्वीस वर्षांत हे वाक्य कौतुक म्हणून कुणी उच्चारलं नव्हतं, आणि आज उच्चारलं गेलं ते नेमकं असं.

साडेचारला मॅनेजर आला. मागे दोन-तीन माणसं होती, पॉलिशवालाही होता. फोन अजून वाजतच होते.

"राहू द्या सूनबाई," मॅनेजर म्हणाला. आवाज दुखावणारा नव्हता. तो तसा कधीच नसे. "तुम्ही प्रयत्न केलात. पाचपर्यंत कशाला थांबायचं, मी लावतो फोन."

"साहेब, अजून अर्धा तास आहे."

"अहो, अर्ध्या तासाने काय होणार? हे शिकून येत नाही, त्याला घरात तसं वातावरण लागतं. वायरमनच्या घरात वायरी ओढाव्यात. त्यात काही कमीपणा नाही. काय तारमास्तर?" आणि तो हसला. तेच हसू. बारा वर्षं जुनं, पण कुठे ओरखडा नव्हता.

सून उठली, "तोंड धुऊन येते" म्हणाली आणि निघून गेली. मॅनेजर फोन लावायला केबिनकडे वळला, मागची माणसं त्याच्या मागे गेली. खोलीत तारमास्तर उरले.

त्यांना कुणाची दया आली असं सांगता येणार नाही. दया आली असती तर दहा वाजताच आली असती. पोटातला हेवाही गेला नव्हता. होता तिथेच होता. पण त्या हेव्याला एक प्रकारचा मान होता, तो घरातला होता, आणि घरातल्या भांडणात बाहेरचा माणूस येऊन दोघांनाही एका शब्दात काढून टाकतो म्हणजे काय? सुनेने हरावं हे ठीक. पण मॅनेजरने बरोबर ठरावं?

ते उठले. 'सासर' उपसली, 'माहेर' उपसली. इकडची तिकडे, तिकडची इकडे. टक्, टक्. दिवे विझले, लागले. स्टुलावर परत येऊन बसले आणि गुंडाळी हातात घेतली.

पलीकडच्या हॉलमध्ये छापायचं यंत्र खाकरलं. मग सुरूच झालं. दिवसभर तुंबलेले नंबर एकामागून एक कागदावर उतरू लागले, चिठ्ठ्यांची माळ जमिनीला लागली. फोन थांबले. कुणीतरी शिट्टी वाजवली. मॅनेजर कानाचा फोन तसाच हातात धरून केबिनबाहेर आला, आणि ओल्या तोंडाने परत येणाऱ्या सुनेपुढे उभा राहून म्हणाला, "मला खात्री होती."

"साहेब, मी काही केलं नाही."

"बघा, हा विनय!" मॅनेजर सगळ्यांकडे वळून म्हणाला. "उद्या कागद तयार करतो. कायम."

टाळ्या झाल्या. तारमास्तरांनीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता त्यांच्या लक्षात आलं की पोटातलं ते परत उठून बसलंय. आपल्याच हाताने चालू केलं, आणि टाळ्या तिला.

सून टाळ्यांतून वाट काढून खोलीत आली, दार लोटलं आणि लॅपटॉपपुढे बसली. तिचा चेहरा आनंदी नव्हता. राउटर चहाडखोर असतो. कोण कधी गेलं, कोण कधी आलं, शेजारणीसारखं सगळं मिनिटासकट लिहून ठेवतो. आणि घड्याळ तिने सकाळीच लावलेलं होतं.

"चार अडतीसला दोन्ही वायरी निघाल्या," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "चार अडतीसलाच लागल्या. मी नळावर होते. साहेब केबिनमध्ये." मग ती वळली. "बाबा?"

गुंडाळी आता खरोखर संपली होती.

"उलट्या लावल्या होत्यास," तारमास्तर म्हणाले.

"उलट्या कशा? 'सासर' आतल्या तोंडात, 'माहेर' बाहेरच्या."

"तेच ते. सासर आत कसं असेल? लेक सासरी जाते म्हणजे बाहेर जाते."

सुनेने दोन्ही पट्ट्या पुन्हा वाचल्या. "ज्याची लेक जाते त्याच्यासाठी बाहेर," मग ती म्हणाली. "जी जाते तिच्यासाठी सासर म्हणजे आतलं. जिथे रोज उठून राहायचं ते. माझं माहेर बाहेर आहे, बाबा. दोन तास गाडीने. सासर म्हणजे तुमचं घर. मला दुसरा अर्थ सुचलासुद्धा नाही."

तारमास्तरांना लेक नव्हती. सतरा वर्षांपूर्वी कुणाच्या लेकीचा विचार करून त्यांनी ते लिहिलं होतं, देव जाणे. सकाळपासून ज्याला ते आंधळेपणा म्हणत होते तो आंधळेपणा नव्हता.

"पण तुम्हाला दिसलं होतं?" सुनेने विचारलं. "कधी?"

"लावल्यास तेव्हाच."

"नऊला?"

"नऊ पाच."

"मी दोन वाजता विचारलं तुम्हाला."

"लेबलाचं विचारलंस."

सुनेने मान हलवली, हळू, दोनदा. "मी जेवलेसुद्धा नाही," ती म्हणाली.

"मी जेवलो," तारमास्तर म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती, पण आता खरं बोलायला घेतलंच होतं.

"का केलंत असं?"

एवढं सरळ त्यांना कुणी कधी विचारत नसे. त्यांनी उत्तर शोधलं. हेवा हा शब्द सासऱ्याच्या तोंडातून सुनेपुढे निघणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा छतात डोकं घातलेलं बरं. "मला कुणी म्हटलं नाही कधी," ते शेवटी म्हणाले. "की तारमास्तर, तुम्ही बसवता का. सव्वीस वर्षांत एकदा. नसतं आलं तर नसतं आलं."

सुनेने लॅपटॉप मिटला. "हे मी आईंना सांगणार आहे," ती म्हणाली.

हा दम खरा होता. तारमास्तर उठले. आता राहिलंय काय, असा विचार करून ते तडक केबिनमध्ये गेले. आत मॅनेजर होता, पॉलिशवाला होता, आणि मोठे कान असलेली फोनवरची मुलगी होती.

"साहेब, दिवसभराची चूक माझी," तारमास्तर म्हणाले. "वायरी उलट्या लागल्या होत्या. मला सकाळीच दिसलं. मी बोललो नाही मुद्दाम. तिच्या कामात खोट नव्हती. तुम्हाला लिहून हवं असेल तर लिहून देतो."

मॅनेजरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पॉलिशवाल्याकडे बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एक ओलसर भाव पसरत गेला.

"तारमास्तर," मॅनेजर म्हणाला, "तिला उशीर झाला, त्याचा बोल तिच्यावर येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. कळतंय मला."

"नाही हो साहेब. मी खरंच..."

"असा सासरा मिळायला पुण्याई लागते," पॉलिशवाला म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. फोनवरच्या मुलीने डोळे टिपले आणि बाहेर धाव घेतली.

साडेपाचला कारखाना सुटला तोवर ही बातमी शेवटच्या यंत्रापर्यंत पोचली होती. राउटरचं कुणी नाव काढत नव्हतं. फाटकापाशी चौघांनी तारमास्तरांचे हात हातात घेतले. घासणी विभागातली एक वयस्क बाई सुनेला म्हणाली, "भाग्यवान आहेस बाई. दिवसभर माणूस तुझ्याजवळून हलला नाही म्हणे. आणि वर दोषसुद्धा स्वतःच्या डोक्यावर घेतला. पाय धुऊन पाणी पी त्यांचे."

"हो ना," सून म्हणाली.

तारमास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ते 'हो ना' त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. ओठ हसत होते, आणि गालाच्या आत दात एकमेकांवर आवळलेले.

घराकडे जाताना ती दोन पावलं पुढे चालली होती. सावलीही वेगळी पडावी इतकी. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान गेलं, मग इस्त्रीवाल्याची टपरी गेली.

"मी खरं सांगितलं त्यांना," तारमास्तर मागून म्हणाले.

"माहीत आहे. ऐकलं मी सगळीकडून. साडेसात तास मी डोकं फोडलं, आणि संत तुम्ही झालात."

"तू सांग उद्या साहेबांना. तुझं ऐकतील."

"माझं? म्हणजे मी कृतघ्न पण ठरते." ती थांबली, म्हणून त्यांनाही थांबावं लागलं. तिच्या कपाळावर आठी होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. ती त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली, एखाद्या तोंडाला पत्ता काय द्यावा याचा विचार करावा तशी.

"गुरुवारी गोदामातला राउटर बदलायचाय," ती म्हणाली. "तो तुम्ही बसवायचा. मी साहेबांना सांगून ठेवते, माझ्या जबाबदारीवर. वही देईन. खुर्ची तुमची. मी स्टुलावर बसेन."

तारमास्तरांनी खिशातला पेचकस चाचपला. "आणि चुकलो तर?"

"तर मी डबा खाईन," सून म्हणाली आणि चालू लागली. "दोघांचा."